शून्य जानेवारी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझ्या नातीला शाळेच्या एका प्रकल्पासाठी घराण्याचा इतिहास मांडायचा होता. निबंध लिहिण्याऐवजी तिने आलेख काढायचं ठरवलं. आडव्या अक्षावर तारखा आणि उभ्या अक्षावर त्या त्या वेळी घरात असलेली माणसं. माझ्याजवळ आमच्या घराण्याची एक जुनी वही आहे. सुरुवातीची पानं मोडीत, पुढची बाळबोधीत, त्यात जन्म, लग्नं, मृत्यू आणि स्थलांतरं नोंदलेली. मी वाचून सांगितलं, तिने स्प्रेडशीटमध्ये भरलं. एकूण चौदा नोंदी. पहिली १८६२ ची, माझ्या पणजोबांच्या जन्माची, आणि शेवटची २००८ ची, तिच्या स्वतःच्या जन्माची.

तिने आलेखाचं बटण दाबलं आणि खो खो हसायला लागली. "आजोबा, हे बघा! आपलं अख्खं घराणं दोन आठवड्यांत जन्मलं, मेलं आणि अमेरिकेत आलंसुद्धा!"

पडद्यावर पाहतो तर आडवा अक्ष '० जानेवारी १९००' पासून सुरू झालेला आणि १६ जानेवारी १९०० ला संपलेला. पणजोबा १ जानेवारीला जन्मले, आजोबा २ जानेवारीला, आणि नात १४ तारखेला. मी तिला म्हटलं, "हसू नकोस. आधी मला सांग, शून्य तारीख कधी असते का?"

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनी ही शून्य जानेवारी पाहिली असेल. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब करताना, रक्तातल्या साखरेचा आलेख काढताना, नाहीतर ऑफिसात साहेबांसमोर. आपण वैतागतो, दोन-चार बटणं दाबतो आणि पुढे जातो. मी आयुष्यभर आर्थिक इतिहास शिकवला. पीएच.डी.च्या प्रबंधातले आलेख मी आलेखकागदावर काळ्या शाईने हाताने काढले होते, त्यामुळे अक्षाशी माझं जुनं नातं आहे. नातीबरोबर मी तो बिघाड शोधायला बसलो, तेव्हा कळलं की त्या एका अक्षात चारशे वर्षांचा इतिहास अडकून बसलाय. तोच आज तुम्हाला सांगतो. दुरुस्तीही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

तारीख म्हणजे एक आकडा

पहिली गोष्ट ही, की स्प्रेडशीटला तारीख कळत नाही. त्याला कळतो तो फक्त दिवसांचा आकडा. १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १, पुढे रोज एकेक वाढवत जायचं. १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे त्याच्या लेखी १७३९४. १ मे १९६०, महाराष्ट्र राज्याची स्थापना, म्हणजे २२०३७. एकातून दुसरा वजा करा, ४६४३ उरतात. स्वातंत्र्यानंतर तितक्या दिवसांनी आपलं राज्य झालं. आपल्याला दिसणारे दिवस, महिने आणि वर्षं म्हणजे त्या आकड्यावर चढवलेला नुसता पोशाख.

ही युक्ती संगणकवाल्यांची आहे असं समजू नका. आपल्या ज्योतिषशास्त्रात याला 'अहर्गण' म्हणतात, म्हणजे दिवसांचा गण. कलियुगाच्या आरंभापासून आजवर किती दिवस गेले ते मोजायचं आणि त्यावरून ग्रहांची स्थानं काढायची. कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ मध्ये धरतात, त्यामुळे हा आकडा फार मोठा होतो. इ.स. १५२० च्या सुमारास तो सोळा लाखांच्या वर होता. अशा आकड्यांचे गुणाकार-भागाकार पाटीवर करायचे म्हणजे डोकेदुखीच. तेव्हा कोकणात, मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' लिहिलं. त्यांनी आरंभ शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० ला धरला आणि शिवाय अकरा-अकरा वर्षांची, ४०१६ दिवसांची चक्रं पाडली. त्यामुळे कधीही गणित करा, हातातला आकडा लहानच राहतो. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे कित्येक शतकं याच ग्रंथावरून होत होती.

युरोपात जोसेफ स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ मध्ये इ.स.पू. ४७१३ पासून मोजणारं एक कालचक्र मांडलं. पुढे खगोलशास्त्रज्ञ त्यावरूनच दिवस मोजू लागले. म्हणजे दिवसांची मोजणी कुठून सुरू करायची हे आकाशात लिहिलेलं नाही. मोजणारा आपल्या सोयीने एक खुंटी ठोकतो आणि तिथून दोरी धरतो. गणेश दैवज्ञांनी १५२० ला ठोकली, संगणकवाल्यांनी १९०० ला. खुंटीच्या मागे काही नव्हतं असं त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी मला ते लागणार आहे.

आमच्या शून्य जानेवारीचा उलगडा असा होता. आमच्या पहिल्या पाच नोंदी १९०० च्या आधीच्या होत्या. स्प्रेडशीटने त्यांना तारीख मानायला नकार दिला आणि मजकूर म्हणून ठेवलं, जसं आपण एखाद्याचं नाव लिहावं तसं. रकान्यात असा मजकूर आला की त्या प्रकारचा आलेख सगळ्याच तारखा बाजूला टाकतो आणि नोंदींना फक्त क्रमांक देतो: १, २, ३, ... १४. मग त्या क्रमांकांवर तारखेचा पोशाख चढवतो. क्रमांक १ म्हणजे १ जानेवारी १९००. आणि अक्ष शून्यापासून सुरू होतो, म्हणून शून्य जानेवारी. रकान्यातला पहिला खण रिकामा राहिला आणि तिथे शून्य धरलं गेलं, तरीही हाच पाहुणा येतो.

१९०० ची भिंत

ही खुंटी १९०० लाच का ठोकली? त्यासाठी घरगुती संगणकांच्या बाल्यावस्थेत जायला हवं. १९७९ मध्ये डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ या संगणकासाठी 'व्हिसिकॅल्क' केलं. घरगुती संगणकावरची ती पहिली नावाजलेली स्प्रेडशीट. मग १९८३ च्या जानेवारीत मिच केपर यांच्या कंपनीचं 'लोटस १-२-३' आलं. कोष्टक, आलेख आणि माहितीची यादी एकाच ठिकाणी मिळत असल्यामुळे धंदेवाल्यांनी त्याच्यासाठी संगणक विकत घेतले. त्या काळी संगणकाची स्मृती इतकी तुटपुंजी होती की एकेक अक्षर वाचवावं लागे. चालू हिशेबांना विसाव्या शतकाच्या मागे जाण्याची गरजही नव्हती. १९०० ही सोयीची, गोल संख्या होती.

पण तिथे एक गोची होती. दर चौथं वर्ष लीप असतं हे आपण शाळेत शिकतो. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या १५८२ च्या सुधारणेचा दुसरा भाग मात्र विसरतो: शतकाचं वर्ष लीप असायला त्याला ४०० ने भाग जावा लागतो. २००० लीप होतं, १९०० नव्हतं. लोटसने १९०० ला लीप धरलं. त्यामुळे त्याच्या दिनदर्शिकेत २९ फेब्रुवारी १९०० असा एक दिवस आहे, जो पृथ्वीवर कधी उगवलाच नाही. त्याचा क्रमांक ६०.

मायक्रोसॉफ्टचं एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आलं. तिथे मोजणी १९०४ पासून होती. १९०४ स्वतःच लीप वर्ष असल्यामुळे १९०० चा तिढाच उरत नव्हता. पण १९८७ मध्ये एक्सेल विंडोजवर आलं तेव्हा समोर लोटसचे लाखो वापरणारे होते. त्यांच्या फायली आपल्याकडे जशाच्या तशा उघडल्या पाहिजेत, एक दिवसही इकडेतिकडे होता कामा नये, म्हणून विंडोजच्या एक्सेलने लोटसचा तो न उगवलेला दिवसही जाणूनबुजून उचलला. शेजाऱ्याच्या घड्याळाशी व्यवहार जुळावा म्हणून आपलं घड्याळ तितकंच चुकीचं लावण्यासारखं हे आहे. तो दिवस आजही तिथे आहे. १ जानेवारी १९०० ला खरा वार सोमवार होता, एक्सेल रविवार सांगतं. १ मार्च १९०० पासून मात्र सगळं ठीक.

याचा व्यवहारातला परिणाम असा: जुन्या मॅकवर केलेल्या फाइलमधले आकडे विंडोजच्या फाइलमध्ये चिकटवले की कधीकधी सगळ्या तारखा बरोबर १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एका दिवसाने सरकतात. तुमच्या आलेखाचा अक्ष नेमका चार वर्षांनी हललेला दिसला, तर भूतबाधा समजू नका. दोन खुंट्यांमधलं ते अंतर आहे.

या भिंतीमुळे आपल्या लोकांची काय गत होते पाहा. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, मृत्यू १० मार्च १८९७ चा. एक्सेलच्या दृष्टीने त्यांचं अख्खं आयुष्य मजकूर आहे, त्यातला एकही दिवस मोजता येत नाही. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा म्हणून मजकूर, पण मृत्यू १ ऑगस्ट १९२० चा म्हणून तारीख. डॉ. आंबेडकरांचंही तसंच: १४ एप्रिल १८९१ भिंतीच्या पलीकडे, ६ डिसेंबर १९५६ अलीकडे. या दोघांची वयं काढायला सांगा, स्प्रेडशीट हात वर करते.

सारख्या अंतराचं वचन

नात म्हणाली, "पण आजोबा, क्रम तर बरोबर आहे ना? मग तारखांची नावं हाताने लिहून टाकते." तिथे मी तिला थांबवलं.

१७६५ मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शिक्षकाने एक मोठा तक्ता छापला. हाच पुढे ऑक्सिजनच्या शोधासाठी प्रसिद्ध झाला. तक्त्यात इ.स.पू. १२०० पासून इ.स. १८०० पर्यंतचा काळ आडवा पसरलेला आणि सुमारे दोन हजार नामवंतांची आयुष्यं लहानमोठ्या रेघांनी दाखवलेली होती. त्यातला नियम साधा होता: सारख्या काळाला सारखं अंतर. मग १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअर यांनी इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख याच नियमाने काढले. आज आपण ज्याला आलेख म्हणतो तो तिथून सुरू होतो. काळाचा अक्ष हे एक वचन असतं: इथे एक बोट अंतर म्हणजे जितकी वर्षं, तितकीच तिथेही.

नातीच्या आलेखाने हे वचन मोडलं होतं. कसं ते सांगतो. पणजोबांचा जन्म १८६२ चा आणि आजोबांचा १८८९ चा. मध्ये सत्तावीस वर्षं. त्यानंतरच्या तीन नोंदी शके १८१८ च्या फाल्गुनातल्या, म्हणजे मार्च १८९७ च्या: फाल्गुन शुद्ध द्वितीया, पंचमी आणि त्रयोदशी. तीन मृत्यू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला होता आणि १८९७ च्या सुरुवातीला पुणं त्याच्या तावडीत सापडलं होतं. सावित्रीबाई गेल्या त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, याच महिन्यात. आमच्या घरात आजोबांची आई, थोरला भाऊ आणि धाकटी बहीण अकरा दिवसांत गेली. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते.

त्या आलेखात सत्तावीस वर्षांचं अंतर आणि तीन दिवसांचं अंतर सारखंच होतं. घरातल्या माणसांची रेघ शांतपणे, उतरणीच्या रस्त्यासारखी खाली येत होती. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी माणसं एकेक करून गेली असतील. क्रम बरोबर होता, पण गोष्ट खोटी होती.

इतर प्रकारच्या आलेखांतही हाच धोका असतो. रेघेच्या किंवा स्तंभांच्या आलेखात अक्षाच्या मांडणीत दोन पर्याय मिळतात: मजकुराचा अक्ष आणि तारखेचा अक्ष. निवड प्रोग्रामवर सोडली तर तो स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. मजकुराचा अक्ष धरला तर जानेवारी, फेब्रुवारी आणि मग एकदम ऑक्टोबर असे तीन ठिपके सारख्या अंतरावर बसतात. म्हणून आलेख काढला की आधी हा पर्याय बघा.

वडील आपल्या नातवंडांहून लहान

आम्ही पहिल्या पाच नोंदी तात्पुरत्या बाजूला काढल्या. आता तरी अक्ष सरळ होईल असं वाटलं. झाला, पण उजवीकडे २०२१ पर्यंत पसरला आणि टोकाला माझे वडील बसले. नातीच्या नंतर तेरा वर्षांनी जन्मलेले!

घाईत तिने त्यांचं वर्ष नुसतं '२१' लिहिलं होतं. दोन आकड्यांत वर्ष लिहायची सवय हीसुद्धा त्या तुटपुंज्या स्मृतीच्या काळाचीच. २००० साल उजाडताना तिच्यापायी जगभर केवढी धावपळ झाली, हे आपल्यापैकी संगणकक्षेत्रात काम केलेल्यांना सांगायला नको. आपली किती मराठी मुलं त्या कामासाठी या देशात आली! स्प्रेडशीटने त्यावर तोडगा म्हणून एक सीमा आखली. बरीच वर्षं ती अशी होती: ०० ते २९ म्हणजे हे शतक, ३० ते ९९ म्हणजे मागचं. आता काही ठिकाणी ती पुढे सरकवलेली आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीचे जन्म नेमके या सीमेच्या चुकीच्या बाजूला पडतात. उपाय एकच, वर्ष नेहमी चार आकडी लिहा.

दुसरी चूक अधिक लबाड होती, कारण ती हसवत नाही. मी या देशात ८ सप्टेंबर १९७८ ला उतरलो. वहीत मी ८/९/१९७८ असं लिहिलंय, आपल्या पद्धतीने, आधी दिवस. इथल्या संगणकाने ते ९ ऑगस्ट वाचलं, महिनाभर आधी मला विमानातून उतरवलं आणि चकार शब्द काढला नाही. पण लग्नाची तारीख २३ होती. तेविसावा महिना नसतो, म्हणून तिथे तो अडला आणि ती नोंद मजकूर म्हणून ठेवून दिली. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा गुपचूप उलटलेल्या आणि काही मजकूर झालेल्या. बारापर्यंतचे दिवस फसवतात, तेरापासूनचे निदान अडतात तरी. भारतातून आलेली कुठलीही यादी, मग ती वर्गणीची असो की रक्ततपासणीची, इथे उघडताना हे पाहाच. १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने यासाठी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरवून दिला आहे. तो वापरा, नाहीतर महिन्याचं नाव अक्षरात लिहा.

आकडा की मजकूर हे ओळखायची सोपी खूण सांगतो. तुम्ही स्वतः काही बदल केला नसेल तर आकडे आणि तारखा खणात उजवीकडे टेकून बसतात, मजकूर डावीकडे. शंका असेल तर त्या खणाची मांडणी तारखेवरून साध्या संख्येवर बदला. खरी तारीख असेल तर लगेच नुसता दिवसांचा आकडा दिसेल. मजकूर असेल तर तो ढिम्म हलणार नाही.

शुक्रवार की मंगळवार?

आता कोणी म्हणेल, काही प्रोग्राम १९०० च्या मागे जाऊ देतात, मग प्रश्न मिटला. मिटत नाही. माझ्यासारख्या इतिहासवाल्यासाठी खरी गंमत तिथेच सुरू होते.

शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद जेधे शकावलीत आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली. नोंद अशी: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. इंग्रजी तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० धरतो. आता ज्या प्रोग्रामात आजचं ग्रेगरियन कॅलेंडर तसंच मागे ओढलेलं असतं त्याला विचारा, १९ फेब्रुवारी १६३० ला वार कोणता? तो सांगेल, मंगळवार. मग जेधे शकावली चुकली की काय?

कोणीच चुकलं नाही. पोप ग्रेगरींनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला, कारण जुन्या ज्यूलियन पद्धतीत साठलेले दहा दिवस काढून टाकायचे होते. पोर्तुगालने ते त्याच वर्षी मानलं. प्रॉटेस्टंट इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत अडून बसलं. म्हणून सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांच्या पत्रातली तारीख आणि सुरत-राजापूरच्या इंग्रजांच्या पत्रातली तारीख यांत, दिवस एकच असूनही, दहा दिवसांचा फरक असतो. शिवकाळाच्या तारखा आपल्या इतिहासकारांनी जुन्या, ज्यूलियन पद्धतीने देण्याचा प्रघात पाडला. ज्यूलियन १९ फेब्रुवारी म्हणजे ग्रेगरियन १ मार्च १६३०, आणि तो दिवस शुक्रवार होता. जेधे शकावली बरोबर. राज्याभिषेकाचं असंच आहे: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार. ६ जून १६७४ ही जुनी तारीख, नव्या पद्धतीने १६ जून.

आता समजा तुम्ही राज्याभिषेकापासून पानिपतापर्यंतचा आलेख काढलात. पानिपत १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. ही तारीख मात्र नव्या पद्धतीची असते. एकाच अक्षावर दोन पद्धतींच्या तारखा बसल्या आणि मध्ये दहा दिवस जास्तीचे मोजले गेले. पुस्तकात कुठेही छापील चूक नसताना! वार तपासणं हा यावर उत्तम उपाय आहे. तारखा सरकतात, कॅलेंडरं बदलतात, पण सोमवारनंतर मंगळवार ही साखळी या बदलांत तुटली नाही.

जाता जाता आणखी एक. १४ जानेवारी दिसली की पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं असं आपण धरून चालतो. पण आपली संक्रांत नक्षत्रांच्या वर्षावर चालते आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या वर्षावर, त्यामुळे संक्रांत हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, पण तारीख १२ जानेवारी १८६३ होती. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १७६१ मध्ये, संक्रांत आणखी अलीकडे होती. म्हणजे पानिपतच्या दिवशी ती होऊन गेली होती. आजचा अक्ष कालवर ठेवला की असं होतं.

सन, शक आणि तिथी यांचा मेळ घालायचं मोठं काम कोकणातल्याच मुरुडच्या, म्हणजे दापोलीजवळच्या, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी केलं. त्यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर लिहिलेलं भारतीय कालगणनेचं इंग्रजी पुस्तक आणि त्यांचा मराठी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ, दोन्ही १८९६ ची. आमची वही उलगडताना मी दीक्षितांची आठवण काढली.

दुरुस्ती

शेवटी आम्ही आलेख असा दुरुस्त केला. तारखांचा मूळ रकाना हात न लावता ठेवला, तिथी आणि शक वहीत होते तसे. शेजारच्या रकान्यात दिवस, महिना, वर्ष वेगवेगळे लिहिले. तिसऱ्या रकान्यात वर्ष दशांशात काढलं: वर्षाचा कितवा दिवस ते ३६५ ने भागायचं आणि सालात मिळवायचं. १८९७ च्या मार्चचा पहिला पंधरवडा म्हणजे साधारण १८९७.२. ही साधी संख्या असल्यामुळे १९०० ची भिंत तिला अडवत नाही. मग आडव्या अक्षाची किमान मर्यादा १८६०, कमाल २०३० आणि दर दहा वर्षांनी खूण, असं स्वतः ठरवून दिलं. प्रोग्रामवर सोडलं नाही.

एक नोंद उरली होती. वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९२१ आहे. ही १ जून तुमच्याही घरात असेल. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारत, कोणाला धड सांगता येत नसे, मग जूनमध्ये शाळा उघडते म्हणून १ जून. एका पिढीचे वाढदिवस गुरुजींनी असे एकाच दिवशी आणून ठेवले. नोकरी, पेन्शन, पासपोर्ट सगळं त्याच तारखेवर. घराच्या वहीत मात्र लिहिलंय: आश्विन वद्य चतुर्दशी, शके १८४३, पहिल्या आंघोळीची वेळ. म्हणजे ऑक्टोबरची अखेर, नरकचतुर्दशीची पहाट.

मी म्हटलं, "कागदावरची घे, पुरावा तिचाच आहे." नात म्हणाली, "आजोबा, पुरावा गुरुजींच्या सोयीचा आहे. पणजोबा दिवाळीत जन्मले." मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना साधनांची चिकित्सा शिकवली, आणि सतरा वर्षांच्या मुलीने ती मला परत शिकवली. आम्ही दिवाळीची तारीख घेतली आणि १ जूनची नोंद खाली वेगळी लिहिली.

मग तिने आलेख पुन्हा काढला. डावीकडे रेघ सावकाश वर चढत होती आणि १८९७ ला एकदम तुटून सरळ खाली कोसळली, कड्यासारखी. अकरा दिवस त्या अक्षावर केसाएवढेही रुंद नव्हते. नात हसली नाही. तिने त्या कड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "तिची, त्या छोट्या मुलीची, नावाची नोंद आहे का?"

वहीत नाव आहे. ते तिने आलेखावर लिहिलं.

ही दिवाळी संपायच्या आत तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. दाखल्यावरची तारीख विचारा आणि मग खरी विचारा: तिथी, सण, पाऊस होता का, कापणी झाली होती का. दोन्ही लिहून ठेवा. आणि त्याचा आलेख काढलात, तर अक्ष कुठून सुरू होतो ते आधी बघा. तिथे शून्य जानेवारी दिसली, तर समजा की तुमचं कोणीतरी भिंतीच्या पलीकडे राहून गेलंय.